‘उत्पत्ती’चे कोडे आणि ख्रिस्ती श्रद्धा

नाताळ म्हटला की बेथलेहेमची गव्हाण, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष आणि आकाशातील तो तारा, एवढे चित्र आता आपल्या घरांतूनही परिचयाचे झाले आहे. शेजारच्या ख्रिस्ती बिऱ्हाडातून फराळाचे ताट येते, मुले कागदी चांदण्या पाहून हरखतात. परंतु २५ डिसेंबर रोजी दिवसाच्या मुख्य उपासनेत कॅथलिक मंदिरांतून जे शुभवर्तमान वाचण्याचा प्रघात आहे, त्यात ना गव्हाण आहे ना मेंढपाळ. योहानाच्या शुभवर्तमानाचा तो आरंभ होय. जन्मकथा बाजूस ठेवून तो एकदम सृष्टीच्या प्रारंभालाच हात घालतो. सर्व काही होण्यापूर्वी ईश्वराचा शब्द होता, जे जे झाले ते त्याच्या द्वारे झाले आणि जीवनही त्याच्याच ठायी होते, असा त्याचा भावार्थ. शब्दब्रह्माची कल्पना ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडलेली आहे, त्या आमच्या वाचकांस हा विचार अगदीच परका वाटू नये. मात्र या दोहोंच्या तुलनेचा विषय स्वतंत्र आहे. त्यात आज शिरत नाही.

सांगावयाचे ते इतकेच की, ख्रिस्ती माणसाच्या एका मोठ्या सणाच्या दिवशी त्याच्यापुढे जो पाठ येतो, तो जीवनाच्या मुळाशी जाऊन भिडणारा आहे. आणि जीव आला कोठून, हा प्रश्न आज रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही विचारला जात आहे. सर्वसाधारण समज असा की, ख्रिस्ती धर्म म्हणतो, जीव देवाने केला. विज्ञान म्हणते, जड द्रव्यातून जीव आपोआप झाला. आणि ही दोघे गेली कित्येक शतके एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत. हा समज इतिहासाला धरून नाही. या वादात श्रद्धावान ख्रिस्ती माणसे दोन्ही बाजूंस उभी राहिली आहेत. इतकेच नव्हे, तर वाद रंगात आला असता दोन्ही पक्षांनी आपापल्या जागा बदलल्या आहेत. ही अदलाबदल कशी झाली आणि तिचे मोल कोणाच्या घराने मोजले, ती कथा आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भूमीने उपजवावे

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या पहिल्या पुस्तकाचे मराठी नाव ‘उत्पत्ति’. हे नाव मोठे विचारात पाडणारे आहे. ‘उत्’ हा उपसर्ग आणि ‘पद्’ हा धातू यांपासून झालेला हा शब्द ‘वर येणे, उद्भवणे’ असा अर्थ सांगतो. कोणी तरी घडविले असे तो स्वतः होऊन सांगत नाही. मूळ हिब्रू पाठाकडे पाहिले तर तेथेही दोन्ही तऱ्हेची क्रियापदे आहेत. ‘बारा’ हे त्यांतील एक. या अर्थाने त्याचा कर्ता नेहमी ईश्वरच असतो. पहिल्या अध्यायात ते तीन ठिकाणी येते: आकाश व पृथ्वी निर्माण झाली तेथे, जलचर निर्माण झाले तेथे आणि मनुष्य निर्माण झाला तेथे. परंतु वनस्पतींची पाळी येते तेव्हा ईश्वर भूमीला आज्ञा करतो की, तू हिरवळ उगव. श्वापदांची व गुराढोरांची वेळ येते तेव्हाही आज्ञा भूमीलाच आहे की, तू हे प्राणी उपजव. आणि नवल असे की, याच्या लगतच्या वचनात ईश्वराने ते प्राणी केले, असे सरळ म्हटलेले आहे. भूमीने उपजविले आणि ईश्वराने केले, ही दोन विधाने एकापुढे एक उभी आहेत. लिहिणाराला त्यात विरोध वाटलेला दिसत नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहता त्यात विरोध नाहीच. पाणिनीने स्वतंत्रपणे क्रिया करणारास कर्ता म्हटले आणि त्या कर्त्याला प्रवृत्त करणारास हेतू असे नाव देऊन त्यालाही कर्तृत्व दिले. सासूबाईंनी सुनेकडून पुरण शिजविले. पुरण कोणी शिजविले? चुलीपुढे सून बसली होती म्हणून सासूबाईंचे कर्तृत्व बुडत नाही, आणि सासूबाईंची आज्ञा होती म्हणून सुनेच्या हातचा चटका खोटा ठरत नाही. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस हा कॅथलिक पंथाचा सर्वमान्य तत्त्वज्ञ. ईश्वर हे आदिकारण आणि निसर्ग हे दुय्यम कारण. कार्य मात्र अर्धे याचे व अर्धे त्याचे असे नसून संपूर्णपणे दोघांचेही असते, असे त्याने प्रतिपादिले आहे. पाणिनीचे नाव त्याने ऐकले असण्याचा संभव नाही. पण विचार त्याच वाटेने गेला.

या पुस्तकाला मराठीत आणण्यासाठी ज्यांनी आयुष्याची अखेर वेचली, त्या पंडिता रमाबाई मुळात पुराणे सांगत हिंडणाऱ्या घरच्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृत विद्येचा गौरव केला. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली आणि उतारवयात हिब्रू व ग्रीक मुळांवरून समग्र बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्यांचा देह पडला, तोवर ते काम त्यांच्या हातून पुरे झालेले होते. त्याहीपूर्वी तीनशे वर्षे, १६१६ मध्ये, गोव्यातील राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यातील पहिल्या पुराणात हीच सृष्ट्युत्पत्तीची कथा मराठी ओवीत सांगितलेली आहे. तेव्हा हा विषय मराठी जिभेला आजचा नव्हे.

चिखलातून ईल, चिरगुटातून उंदीर

आता या कथेतील पहिले आश्चर्य. जड द्रव्यातून जीव आपोआप उपजतो, या मताला आरंभीच्या आणि मध्ययुगातील ख्रिस्ती आचार्यांचा विरोध नव्हता. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणे की, ईल मासे चिखलातून होतात. ते सर्वांनी मानले. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप ऑगस्टिन यांनी ‘उत्पत्ती’वर विस्तृत भाष्य लिहिले. त्यात त्यांनी असे मांडले की, ईश्वराने सर्व काही एकदमच निर्माण केले, परंतु कित्येक गोष्टी बीजरूपाने सृष्टीत ठेवल्या आणि त्या यथाकाल प्रकट होतात. मेलेल्या प्राण्यांच्या कुजण्यातून जे किडे होतात असे वाटे, त्यांचीही व्यवस्था त्यांनी याच मार्गाने लाविली. महापुरानंतर दूरच्या बेटांवर श्वापदे कशी पोचली, या शंकेला उत्तर देताना भूमीनेच ती पुन्हा उपजविली असतील, हा पर्यायही त्यांनी मोकळा ठेवला. याच भाष्यात त्यांनी आपल्या धर्मबांधवांस एक कानउघाडणी केली आहे. सृष्टीविषयी अभ्यासाने जे कळते त्यासंबंधी, धर्मग्रंथाचा हवाला देऊन, जाणत्या परधर्मीयापुढे अद्वातद्वा बोलू नये. कारण त्याने बोलणाऱ्याचे नव्हे, तर ग्रंथाचे हसे होते. हे बोल सोळाशे वर्षांपूर्वीचे आहेत, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडेही जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे चार वर्ग सांगितले आहेत. ऊ, ढेकूण हे स्वेदज, म्हणजे घाम व उष्मा यांतून होणारे. ऐतरेय उपनिषदात चारही आहेत. छांदोग्यात मात्र तीनच आहेत, स्वेदज नाहीत. तेव्हा ब्रह्मसूत्रकारांना या चौथ्याचा समावेश उद्भिज्जात करून घ्यावा लागला. याचा अर्थ असा की, डोळ्यांना जे दिसे त्यावरून पौर्वात्य आणि पाश्चात्त्य दोघेही एकाच निष्कर्षाला आलेले होते. त्यात धर्माचा काही संबंध नव्हता.

सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्माँट नामक रसायनवेत्त्याने उंदीर तयार करण्याची कृतीच लिहून ठेवली: गव्हाच्या भांड्यात घामेजलेले चिरगूट कोंबावे, एकवीस दिवसांनी उंदीर होतात. कोणत्याही गृहिणीने त्याला सांगितले असते की, उंदीर होत नाहीत, येतात! १६६८ साली फ्लॉरेन्सच्या दरबारी वैद्य फ्रान्सेस्को रेदी याने मांसाची काही भांडी उघडी ठेवली, काहींचे तोंड बंद केले, आणि काहींवर, आपण लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो तसे, तलम कापड बांधले. उघड्यावर अळ्या झाल्या. दादरा बांधलेल्या भांड्यांतील मांस कुजले, पण त्यात एकही अळी पडली नाही. माशा कापडावर घोंगावत राहिल्या.

रेदीवर टीका झाली ती कशी? तो धर्मग्रंथाला बाध आणतो, अशी. बायबलातील ‘शास्ते’ या पुस्तकात शमशोनाने मारलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांचे मोहोळ आढळल्याची कथा आहे. टीकाकारांचे म्हणणे, माश्या सिंहाच्या शवातून उपजल्या असे शास्त्रच सांगते, मग रेदी कोण? म्हणजे त्या काळी निर्जीवातून जीव होतो असे म्हणणे, ही धार्मिक बाजू होती. आणि होत नाही असे म्हणणारा पाखंडी ठरत होता!

दोन धर्मगुरू

अठराव्या शतकात हा वाद सूक्ष्म जंतूंवर आला. नीडहॅम हे इंग्रज कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी मांसाचा रस्सा तापवून बाटलीत बुचाने बंद केला. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तो त्यात जंतू वळवळत होते. द्रव्यातच जीव उपजविण्याची शक्ती आहे, असे त्यांनी १७४८ च्या सुमारास जाहीर केले. स्पालान्झानी हे इटालियन, तेही धर्मगुरूच. त्यांनी काचेच्या कुप्यांची तोंडे ज्योतीवर वितळवून बंद केली, त्या बराच वेळ उकळल्या आणि १७६५ साली दाखवून दिले की, आत काहीही उपजत नाही. नीडहॅम म्हणाले, तुम्ही इतके उकळलेत की द्रव्यातील शक्तीच मेली. दोघेही त्याच वेदीपुढे उपासना करणारे, दोघेही एकाच देवाला स्मरून प्रयोगास बसणारे.

गंमत पुढेच आहे. चर्चचा कट्टर वैरी म्हणून गाजलेला फ्रेंच लेखक व्हॉल्तेर हा नीडहॅमवर तुटून पडला. व्हॉल्तेर चर्च मानीत नसला तरी सृष्टिकर्ता ईश्वर मानी. नीडहॅमच्या रश्श्यातून निरीश्वरवाद शिजणार, अशी त्याला धास्ती वाटली. ती अगदीच निराधार नव्हती. कारण १७७० मध्ये द होलबाख या निरीश्वरवाद्याने आपल्या ग्रंथात नीडहॅमच्याच प्रयोगाचा आधार घेतला. धर्मगुरूचा प्रयोग नास्तिकाच्या कामी आला, आणि धर्मगुरूविरुद्ध देवाची बाजू चर्चच्या वैऱ्याने लढविली! पूर्वरंगात असा प्रसंग रचून सांगितला, तर श्रोते म्हणतील, बुवा अतिशयोक्ती करतात.

पिता, पुत्र आणि नाभी

येथवर या वादाने कोणाचे घर मोडले नव्हते. ते मोडले एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडात.

फिलिप हेन्री गॉस हा समुद्रजीवांचा थोर अभ्यासक. खाऱ्या पाण्यातील जीव काचेच्या हौदात जिवंत ठेवण्याची हौस इंग्लंडभर पसरली, ती मुख्यत्वे त्याच्या पुस्तकांमुळे. १८५६ साली रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. हाच मनुष्य प्लिमथ ब्रदरन या कडव्या पंथाचा निष्ठावंत उपदेशक होता, आणि सृष्टी सहा दिवसांत झाली हे त्याला अक्षरशः मान्य होते. इकडे भूगर्भशास्त्र सांगत होते की, खडकांचे थर अतिप्राचीन आहेत आणि त्यांत नष्ट झालेल्या जीवांचे अवशेष आहेत. दोन्हींपैकी कोणतेच त्याला सोडवेना.

१८५७ च्या फेब्रुवारीत त्याची पत्नी एमिली कर्करोगाने वारली. घरात सात-आठ वर्षांचा एकुलता एक मुलगा, एडमंड. त्याच वर्षी गॉसने ‘ओंफालोस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ओंफालोस म्हणजे ग्रीक भाषेत नाभी. आदाम तर मातेच्या उदरातून जन्मला नव्हता. मग त्याला बेंबी होती की नव्हती? गॉसचे उत्तर, होती. कारण जीवन हे चक्र आहे. कोंबडीतून अंडे, अंड्यातून कोंबडी. वृक्षापासून बीज, बीजापासून वृक्ष. या चक्रात ईश्वराने ज्या कोठल्या बिंदूवर सृष्टी निर्माण केली असेल, तेथे तिच्या अंगावर आधीच्या, कधीही न घडलेल्या, भूतकाळाच्या खुणा असणारच. ईश्वराने पहिला वृक्ष केला तेव्हा त्याच्या बुंध्यात वर्षांची वर्तुळे होती, आणि पृथ्वी केली तेव्हा तिच्या खडकांत जीवाश्म होते.

वाचकहो, हा आपला बीजांकुरन्यायच आहे! बीज आधी की अंकुर आधी, या शंकेला आपल्या आचार्यांनी ‘संसार अनादी आहे’ असे उत्तर दिले आणि आरंभाचा प्रश्नच काढून टाकला. ते उत्तर बरोबर की चूक हा भाग वेगळा. पण गॉसला ते उत्तर देण्याची सोय नव्हती. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात आरंभ होता. चक्र तर त्याला दिसत होते, आणि चक्राला प्रारंभ आहे असे श्रद्धा सांगत होती. या दोहोंमध्ये तो मनुष्य पिळून निघाला. तर्कदृष्ट्या त्याचा सिद्धांत कोणालाही खोडता येत नाही, आणि नेमकी हीच त्यातील उणीव होती. जे कशानेही खोडता येत नाही ते कशानेही सिद्धही होत नाही.

गॉसला वाटले होते, आता शास्त्रज्ञ आणि धर्मोपदेशक दोघेही हा ग्रंथ डोक्यावर घेतील. दोघांनीही पाठ फिरविली. त्याचा मित्र चार्ल्स किंग्जली हा स्वतः धर्मोपदेशक. त्याने कळविले की, ईश्वराने खडकांवर एक प्रचंड असत्य लिहून ठेवले आहे, असे मानणे आपणांस शक्य नाही. ईश्वराची लाज राखण्यासाठी ईश्वरालाच खोटारडा ठरवावे लागते, हे मित्राने नेमके दाखवून दिले.

गॉस देवनच्या किनाऱ्यावर मुलाला घेऊन राहावयास गेला. मुलगा त्या घरात, त्या एकाच श्रद्धेच्या छायेत वाढला आणि मोठेपणी तिच्यातून बाहेर पडला. १९०७ साली एडमंड गॉसने ‘फादर अँड सन’ हे पुस्तक प्रथम निनावी प्रसिद्ध केले. त्यात बापाविषयी द्वेष नाही; प्रेम आहे, आणि दोघांमधील न भरून येणारे अंतर आहे. बापाची श्रद्धा खोटी होती म्हणून मुलगा दुरावला, असे आम्हांस वाटत नाही. बापाने ईश्वराला आणि खडकांच्या वयाला एकाच गाठीत बांधले होते. गाठ तुटली तेव्हा दोन्ही हातची गेली.

हंसग्रीव कुप्या

‘ओंफालोस’नंतर दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, डार्विनचा ‘जातींचा उगम’ प्रसिद्ध झाला. हा डार्विन तरुणपणी धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिजला शिकलेला. त्याच्या ग्रंथात जीवजातींच्या विकासाचे विवेचन आहे. पहिला जीव कसा झाला याचे नाही. शेवटच्या वाक्यात आरंभीच्या काही रूपांत प्राण फुंकला गेला, अशा अर्थाचे शब्द होते. पुढील वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत तेथे ‘सृष्टिकर्त्याने’ हा शब्द त्याने घातला. याच आवृत्तीत त्याने एका धर्मोपदेशकाचे अनुकूल मतही नमूद केले: आपणच पुढे विकसित होतील अशी मूळ रूपे ईश्वराने निर्माण केली, असे मानण्यानेही त्याची थोरवी कमी होत नाही. तो धर्मोपदेशक म्हणजे वर आलेला किंग्जलीच. पुढे १८६३ साली हूकर या मित्राला लिहिताना डार्विनने तो सृष्टिकर्त्याचा शब्द घातल्याबद्दल खेद केला, आणि १८७१ मध्ये त्याच मित्राला लिहिलेल्या पत्रात एखाद्या उबदार लहानशा डबक्यात जीवद्रव्य जुळून आले असेल काय, अशी कल्पना सहज बोलून दाखविली.

त्याच १८५९ साली फ्रान्सात रुआँ येथील पूशे या प्राणिशास्त्रज्ञाने आपोआप होणाऱ्या जननावर ग्रंथ लिहिला. पूशे श्रद्धावान होता. हे जनन ईश्वराच्या योजनेनेच होते, असे त्याने स्पष्ट म्हटले होते. त्याच्याविरुद्ध उभा राहिला लुई पाश्चर, ज्याचे नाव आज आपल्या दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ या रूपाने रोज सकाळी घरी येते. हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या कुप्यांत त्याने रस उकळून ठेवले. हवा आत जाई, धूळ वळणात अडे. रस नासत नसे. १८६० साली तो सीलबंद कुप्या घेऊन आल्प्समध्ये चढला. पायथ्याच्या प्रदेशात उघडलेल्या २० कुप्यांपैकी ८ नासल्या, अधिक उंचीवर २० पैकी ५, आणि बर्फाच्या नदीवर २० पैकी केवळ १. जंतू रसातून होत नाहीत, धुळीबरोबर येतात, हे यावरून उघड झाले. १८६२ मध्ये विज्ञान अकादमीने त्याला पारितोषिक दिले.

७ एप्रिल १८६४ रोजी सॉर्बोन येथे प्रतिष्ठितांच्या सभेत त्याने व्याख्यान दिले. द्रव्य आपोआप सजीव होत असेल तर सृष्टिकर्त्याची गरज काय, असा प्रश्न पडतो, हे त्याने प्रथम बोलून दाखविले. आणि लगेच बजावले की, येथे धर्म, नास्तिकता वा तत्त्वज्ञान यांचे काम नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. सभेने पहिला भाग ऐकला, दुसरा सोडून दिला. आमच्याही श्रोत्यांत ही खोड आहे. दृष्टान्त लक्षात राहतो, सिद्धांत मंडपातच राहतो.

एक गोष्ट पाश्चरचे चरित्रकार पुष्कळदा वगळतात. पूशेने गवताचा काढा वापरला होता, आणि त्याच्या कुप्या पिरेनीजच्या पर्वतावर उघडल्या तरी नासत होत्या. त्या खोट्या नव्हत्या. गवतावरील एका जंतूची बीजे साध्या उकळण्याने मरत नाहीत, हे कोन आणि टिंडल यांनी पुढे १८७६-७७ च्या सुमारास दाखविले. म्हणजे पूशेचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकला होता. परंतु परीक्षक मंडळापुढे तो अखेर उभाच राहिला नाही आणि वाद संपला असे जाहीर झाले.

आता जागा बदलल्या. जिवातूनच जीव होतो हे सिद्ध झाले, तेव्हा पहिला जीव ईश्वरावाचून होणे नाही, असे व्यासपीठांवरून ऐकू येऊ लागले. ऑगस्टिन आणि नीडहॅम यांनी जे मत निर्धास्तपणे बाळगले, ते आता नास्तिकांचे ठरले. आणि रेदीवर ज्याबद्दल पाखंडाचा आरोप आला, ते श्रद्धेचे लक्षण झाले! डार्विनचा कैवारी हक्सले याने १८७० मध्ये लिव्हरपूलच्या भाषणात रेदीपासूनचा सारा इतिहास सांगून कबूल केले की, आज निर्जीवातून जीव होताना दिसत नाही. पण अतिप्राचीन काळी तो तसा झाला असेल अशी आपली अपेक्षा आहे. या अपेक्षेला त्याने स्वतःच तात्त्विक श्रद्धा म्हटले. शब्द त्याचा आहे, आमचा नव्हे.

फटीतला देव

पुढचा भाग वाचकांपैकी महाविद्यालयात जाणाऱ्यांना ठाऊक असेल. रशियात ओपारिनने १९२४ मध्ये आणि इंग्लंडात हाल्डेनने १९२९ मध्ये, आदिम पृथ्वीवरील रसायनांतून जीव हळूहळू कसा जुळला असेल, याची मांडणी केली. हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. १९५३ मध्ये शिकागोत स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने मीथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांत पाणी गुलाबी, मग लालसर झाले आणि त्यात ॲमिनो आम्ले सापडली. प्रथिनांचे ते घटक होत. घटक म्हणजे जीव नव्हे. विटा सापडल्या म्हणजे वाडा सापडला असे होत नाही. तरी ज्या श्रद्धेने आपले सारे बळ ‘हे कधीच होणार नाही’ यावर लावले होते, तिच्या पायाखालची वाळू त्या दिवशी थोडी सरकली.

याविषयी सर्वांत खोल विचार ख्रिस्ती श्रद्धेच्याच माणसांनी केला आहे. स्कॉटलंडच्या हेन्री ड्रमंड या धर्मोपदेशकाने, विज्ञानाला जे कळलेले नाही तेवढ्याच फटींत देव शोधणाऱ्यांना १८९४ मध्ये दोष दिला. हिटलरला विरोध केल्याबद्दल बर्लिनच्या तुरुंगात पडलेल्या बोनहोफर या जर्मन धर्मोपदेशकाने २९ मे १९४४ च्या पत्रात लिहिले की, आपल्या अपुऱ्या ज्ञानाला ठिगळ म्हणून ईश्वराला वापरू नये. ज्ञान वाढेल तसा तो ईश्वर मागे मागे हटत जाईल. ईश्वर आपल्याला जे कळते त्यात शोधावा, न कळते त्यात नव्हे. पुढच्या वर्षी ९ एप्रिल रोजी त्यांना फाशी देण्यात आले. फाशीच्या सावलीत बसलेला मनुष्य असे लिहितो, तेव्हा ते केवळ पंडिती वचन राहत नाही.

सर्वांनी हे ऐकले असे नाही. अमेरिकेत शाळांतून सृष्टिनिर्मितीचे शास्त्र म्हणून ‘उत्पत्ती’ शिकविण्याचे कायदे झाले. परंतु १९८१ सालच्या आर्कान्सा राज्यातील अशा कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या वादींत मेथॉडिस्ट, एपिस्कोपल आणि कॅथलिक बिशप होते, आणि मुख्य वादी एक धर्मोपदेशकच होते. पुढील वर्षी तो कायदा रद्द झाला. रोमच्या बाजूने पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उगमाविषयी संशोधनास मुभा दिली, आत्मा मात्र साक्षात ईश्वरनिर्मित मानावा असे सांगितले. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी, उत्क्रांती ही आता केवळ एक कल्पना राहिलेली नाही, असे म्हटले. मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा प्रकल्प चालविणारे फ्रान्सिस कॉलिन्स हे उघडपणे ख्रिस्ती. त्यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात श्रद्धावानांस सावध केले आहे की, जीवाच्या उगमाचे कोडे आज सुटलेले नाही म्हणून त्यावर आपल्या श्रद्धेचा डाव लावू नका.

या ठिकाणी आपल्या मंडळींसाठी दोन शब्द. कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, हे आकडे शेजारी ठेवून, पाहा आमच्या ऋषींना सारे ठाऊक होते, असे सांगणारे वक्ते आम्ही पुष्कळ ऐकतो. त्यांनी पंचांग नीट उघडावे. चालू कल्पातील गत वर्षे त्यात सुमारे १९७ कोटी दिलेली आहेत; ती ४५४ शी जुळत नाहीत. आणि आज जुळली असती, तरी उद्या शास्त्रज्ञांनी आकडा सुधारला तर आपण काय करणार? कीर्तन आटोपल्यावर महाविद्यालयातील मुले आमच्याकडे येतात आणि स्वेदजांविषयी विचारतात. बुवा, उवा घामातून होतात असे ग्रंथात आहे, ते खरे का? आम्ही त्यांस सांगतो, नाही. उवा लिखांतून होतात, तुमच्या आजीला विचारा. आणि ज्या उपनिषदात ते चार वर्ग आहेत, त्याला सांगावयाचे आहे ते उवांविषयी नव्हे. ह्या सर्वांचा आधार प्रज्ञान आहे, हे त्याला सांगावयाचे आहे. मुले पुन्हा येतात. गॉसच्या घरी हे कोणी मोकळेपणाने बोलले असते तर, असे आमच्या मनात येते.

शोध तर चालूच आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खडकांत सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवांच्या खुणा मिळाल्या आहेत. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्राच्या तळाशी उष्ण झरे आढळले. सूर्यप्रकाश जेथे पोचतच नाही, तेथे त्यांच्याभोवती जीव नांदताना दिसले, आणि आरंभ अशाच ठिकाणी झाला असेल काय, असा विचार सुरू झाला. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची धूळ २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका यानाने पृथ्वीवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले की, त्या धुळीत सजीवांच्या प्रथिनांत असणाऱ्या २० ॲमिनो आम्लांपैकी १४ आहेत, आणि आनुवंशिक लिपीची पाचही मूलाक्षरे आहेत. जीव मात्र नाही. अक्षरे जुळून वाक्य कसे झाले, ते कोणालाच अजून दाखविता आलेले नाही. त्या कामी जगभरच्या प्रयोगशाळांतून जी माणसे बसली आहेत, त्यांत रविवारी चर्चला जाणारे आहेत आणि न जाणारेही आहेत, आणि एकमेकांच्या कुप्या ते सारख्याच संशयाने तपासून पाहतात.